अलाउ केलं

टाळ्या पडल्या तेव्हा तिच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि देठांचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. समोर बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी वाजवल्या, नर्सनी वाजवल्या, हिशेबाच्या खोलीतल्या कधी न हसणाऱ्या बाईनंही वाजवल्या. आणि गुच्छ काखेत धरून, मोकळा तळवा दुसऱ्या मनगटावर आपटत, थोड्याशा तिनंही वाजवल्या. तेच तिला नंतर सगळ्यात जास्त खुपलं. वाक्य नवऱ्याचं होतं. तो माइकसमोर उभा होता, कोटाचं मधलं बटण लावलेलं, मान जराशी तिरकी, आणि म्हणाला होता, "मी काही फार मोठं केलं नाही. मी एवढंच केलं, की हिला नोकरी करायला अलाउ केलं. आज त्याचं सार्थक झालं." साधं वाक्य. बसायला खुर्ची द्यावी तसं ते त्यानं सभेला दिलं आणि सभा त्यावर आरामात बसली. तिला मात्र पायरी चुकल्यासारखं झालं. पायरी चुकली की आधी तोल जातो आणि मग कळतं की पाय कुठे पडला. तसं, टाळ्या संपल्या तेव्हा तिला शब्द ऐकू आला. अलाउ. केलं.

त्याआधी सगळं छान चाललं होतं. हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, पुसून, कापडात बांधून, वाफेच्या यंत्रातून काढून वर पाठवायचा विभाग होता; तो ती सांभाळत होती. तळघरातल्या माणसांचं कौतुक करायला सहसा कुणी खाली उतरत नाही, म्हणून या वेळी तिलाच वर बोलावलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी भाषणात सांगितलं, "या बाईंनी मला, मला सुद्धा, लाल रेघेबाहेर उभं केलंय. बूट न बदलता आत पाय टाकत होतो. तोंडानं एक शब्द नाही. नुसता हात वर केला. मी आपला लहान पोरासारखा उभा!" सगळे हसले. खालून नवरा मोठ्यानं म्हणाला, "घरी नाही चालत हं तसं!" आणखी हसले. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या गावी नवं हॉस्पिटल उघडतंय, तिथला विभाग शून्यापासून उभा करायचा आहे, नव्या मुलींना शिकवायचं आहे, आणि त्यासाठी एक वर्ष याच बाई हव्यात. तिच्या अंगावर काटा आला. चांगला काटा. भिंती कुठे असाव्यात, मळकी बाजू कुठे संपावी आणि स्वच्छ बाजू कुठे सुरू व्हावी, ट्रे पलीकडे सरकवायची खिडकी किती उंचीवर असली म्हणजे तो उचलताना कंबर धरत नाही, हे सगळं तिच्या मनात कधीचं रचून तयार होतं. आता ते ठेवायला जागा मिळत होती. ती हो म्हणायला तोंड उघडणार, तोच मोठे डॉक्टर तिच्याकडे न बघता खाली बघत म्हणाले, "मग काय साहेब, पाठवणार ना मॅडमना?" आणि नवरा उठला, बटण लावलं, माइककडे आला. अलाउ केलं. टाळ्या. मग दोघे पुरुष हातात हात घेऊन बोलले. "बघतो, घरी बोलतो," नवरा म्हणाला. "सकाळी फोन करा मला." मला. ती दोघांच्या मध्ये गुच्छ घेऊन उभी होती, फुलदाणीसारखी.

घरी जायच्या आधी ती खाली विभागात गेली. दुपारचा शेवटचा घाणा यंत्रातून निघायचा होता आणि तो तिला स्वतः बघायचा होता. खाली नेहमीचा वास होता, ओल्या कापडाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. त्या वासात शिरलं की तिचे खांदे आपोआप खाली येत. तिनं लाल रेघेपाशी चपला काढल्या, आतल्या घातल्या. तिथली मदतनीस बाई, जिला तिच्या आवाजामुळे सगळं तळघर 'तोफ' म्हणत असे, बांधलेले संच कपाटात लावत होती. "या या, उत्सवमूर्ती!" तोफ कडाडली. "ऐकलं मी सगळं जिन्यात उभं राहून. ताई, तुमच्या साहेबांनी तुम्हाला अलाउ केलं म्हणे."

"हं."

"नशीबवान हो. माझा नवरा मला काही अलाउ करत नाही. मीच त्याला घरात अलाउ करते, तेवढं पुरे आहे!" आणि ती आपल्याच विनोदावर एवढी हसली की कपाटाच्या काचा थरथरल्या. तीही थोडंसं हसली. यंत्राचं दार उघडलं, वाफेचा लोट आला, चष्मा पांढरा झाला. तिनं एक संच उचलून त्यावरची पट्टी पाहिली. बांधताना ही पट्टी कोरी फिकट असते. आत पुरेसा ताव लागला तरच तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या नाहीत तर संच पुन्हा आत. वरून कितीही नीट बांधलेला असो, नुसता बघून कुणी सांगू शकत नाही. या पट्टीवर तिचा जितका विश्वास होता तितका फार थोड्या माणसांवर होता. आज रेघा नीट उमटल्या होत्या, काळ्याभोर. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तोफ म्हणाली, आता हळू आवाजात, जो ती फार क्वचित काढत असे, "ताई, जाल ना हो तिकडे? मला इथे तुमच्याशिवाय करमायचं नाही, ते सोडा. पण जा. तुमचं डोकं इथे तळघरात कुजतंय." तिनं मान हलवली. हो की नाही, ते तोफेलाही कळलं नाही आणि तिलाही.

टॅक्सीत पुढे नवरा, मागे ती आणि वन्सं. कार्यक्रमाला वन्सं आवर्जून आल्या होत्या, भावाचं भाषण ऐकायला. "दादा, तुला माइकसमोर कंठच फुटला रे," वन्सं म्हणाल्या. "शाळेत कविता म्हणताना चड्डी ओली करायचास." तो खूश होऊन हसला. "वहिनी, भाग्य लागतं हो असा नवरा मिळायला. आमच्यात कुठे होतं असलं अलाउ-बिलाउ? आमचे हे तर शेजारी जायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या." त्या मनापासून बोलत होत्या, आणि बोलता बोलता खिडकीबाहेर बघू लागल्या, तशी त्यांची बोटं पर्सच्या चापाशी चाळा करू लागली, उघड, मीट, उघड, मीट. त्यांना शिवण फार सुंदर यायचं. एकदा एका दुकानानं त्यांना कामावर बोलावलं होतं. ती गोष्ट कुणीच काढत नसे. बाहेर दिवे लागत होते, दुकानांच्या काचांत टॅक्सीचं प्रतिबिंब वाकडंतिकडं पळत होतं, आणि त्यात पुढच्या सीटवरचं नवऱ्याचं डोकं, समाधानानं डुलणारं. तिला त्याचा राग आला. इतका स्पष्ट, इतका जवळून, की ती दचकली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं राग हा भाजी निवडताना टाकायच्या देठांसारखा बाजूला काढून ठेवला होता. आता कुणीतरी तो ढीगच तिच्या मांडीवर आणून ठेवला.

कारण गोष्ट अशी होती, की नोकरी आधीची होती. हे इतकं साधं होतं की ते विसरणं कुणालाही सोपं जावं. मागणी आली तेव्हा ती त्याच तळघरात हत्यारं मोजत होती, धुण्याच्या बाजूला, कोपरापर्यंत हातमोजे घालून. त्याची आई तिला पाहायला घरी आली आणि ती घरी नव्हती, कामावर होती. म्हातारीला तासभर बसावं लागलं आणि त्या तासाचा उल्लेख तिनं मरेपर्यंत केला. नोकरी होती, पगार होता, डब्याची पिशवी होती, आतल्या चपला होत्या. मग तो आला. आयत्या बिळात नागोबा शिरावा तसा शिरला आणि आज बिळाच्या तोंडाशी फणा काढून सांगतोय की हे बीळ मी तिला खणू दिलं. पण हेही पुरतं खरं नव्हतं, हे तिच्या न्यायी मनानं लगेच तिला सांगितलं. तो वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, कधी वाकडं बोलला नाही. ती दमून आली की वर्तमानपत्राची घडी करून तिला पंख्याखालची खुर्ची देत असे. खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नव्हतं. आणि तिची आग होत होती ती त्यामुळेच. खोटं बोलणारा निदान खरं काय ते जाणून असतो.

घरी आल्यावर तिनं गुच्छ बादलीत उभा केला, चहा टाकला. पाणी उकळायची वाट बघताना तो शब्द स्वयंपाकघरात तिच्यामागून हिंडत राहिला. तिनं तो आयुष्यात पहिल्यांदा कुठे वाचला होता? शाळेच्या हिरवळीवरच्या पाटीवर. मुलांना आत यायला अलाउड नाही. हिरवळ शाळेची, शाळा मुलांची, आणि मुलांनी मात्र काठाकाठानं चालायचं. मग इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर तो लिहिला आणि अर्थ सांगितला: परवानगी देणे. वाक्यात उपयोग करा म्हणाल्या. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, "माझे वडील मला सहलीला जायला अलाउ करतात." शाब्बास. दुसरी उठली, "माझे वडील मला सिनेमा पाहायला अलाउ करत नाहीत." शाब्बास. सगळा वर्ग उठला आणि बसला, आणि सगळ्या वाक्यांत शेवटी सगळ्या मुली कुठे ना कुठे जाऊ दिल्या गेल्या किंवा जाऊ दिल्या नाहीत. तिची पाळी आली तेव्हा तिनं काय म्हटलं होतं ते काही केल्या आठवेना. चहाचं पाणी उकळायला लागलं. एवढंच आठवलं, की बाई शाब्बास म्हणाल्या होत्या.

आणि मग तो शब्द सगळीकडेच होता. ऑफिसात अर्धा दिवस अलाउ होत असे. अतिदक्षता विभागाच्या दारावर एकाच नातेवाइकाला अलाउ होतं. मुलगी लग्न झाल्यावर फोनवर सांगायची, "अगं आई, सासूबाई इतक्या मोकळ्या आहेत, सगळं अलाउ करतात," आणि ती म्हणायची, "बरं आहे बाई." का म्हणायची? त्या वेळी कानाला काहीच बोचलं नव्हतं. मराठीत तिनं 'सासूबाई मला परवानगी देतात' असं म्हटलं असतं, तर दोघींनाही कसंसंच झालं असतं; त्या वाक्याची शिवण उसवलेली दिसली असती. पण या शब्दाला इस्त्री होती. तो कोट घालून यायचा, मधलं बटण लावून. मराठीत नवऱ्यानं माइकसमोर 'मी हिला परवानगी दिली' असं म्हटलं असतं, तर हिशेबाच्या खोलीतल्या बाईनं टाळी वाजवली असती का? निदान तिचे हात क्षणभर तरी थबकले असते. ते क्षणभर थबकणं, तेवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. "आई! बाबांनी आत्ताच सांगितलं. काय गं हे, ग्रेट! वर्षभर?"

"म्हणतायत खरं."

"जाणार तू?" आणि तिनं उत्तर द्यायच्या आत, मायेनं, अगदी मायेनं, "बाबा अलाउ करतील ना? मी बोलू का त्यांच्याशी? मी गोडीत घेते, बघ. माझं ऐकतात ते."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि ओट्यावर पसरत जाणाऱ्या तपकिरी थारोळ्याकडे बघत उभी राहिली.

"आई? आहेस ना?"

"आहे."

"मग बोलू?"

"नको," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हलका होता. "तुझी गोडी तुझ्या घरी ठेव. मी बघते माझं."

"तू रागावलीस?"

"चहा उतू गेलाय," ती म्हणाली, आणि तेही खरं होतं.

जेवताना तिनं प्रयत्न केला. वन्सं गेल्या होत्या, टेबलावर दोघंच होती. ती मुळात कमी बोलणारी. तिचा राग जिभेपर्यंत यायला त्याला बरेच जिने चढावे लागत, आणि वर येईपर्यंत तो धापा टाकत असे. "अहो, तुम्ही ते म्हणालात ना," ती म्हणाली.

"काय?"

"स्टेजवर. नोकरीचं."

त्याचा चेहरा उजळला. "आवडलं ना? मी काही लिहून नव्हतं हं नेलं. तिथल्या तिथे सुचलं. मोठे डॉक्टर म्हणाले, असे नवरे आता राहिले नाहीत."

"पण नोकरी तर—"

"अगं, कौतुकच केलं ना तुझं! चार लोकांत." त्यानं तिच्या ताटाकडे बघितलं. "जेव. सकाळी बघू ते वर्षाचं. वर्ष म्हणजे जरा जास्तच होतं, नाही? सकाळी बोलू."

सकाळी बोलू. तिचा घास हातातच राहिला. कारण सकाळी ती बोलत नसे.

हे तिचं व्रत होतं, कुणी घालून दिलेलं नव्हे, आपणहून घेतलेलं. लहानपणी तिला सांभाळणारी मावशी म्हणायची, "दिवसाचं पहिलं बोलणं देवाशी. माणसं काय, दिवसभर आहेतच." मावशी गेली आणि तिचं ते वाक्य हिच्याकडे राहिलं. सकाळी उठल्यापासून, देवासमोर दिवा लावून जप पुरा होईपर्यंत, ती कुणाशी एक शब्द बोलत नसे. आजारपणात नाही, मुलगी पोटात असताना नाही, मावशी गेली त्या सकाळीही नाही. त्या वेळात तिला एखाद्या रिकाम्या, नुकत्याच झाडलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटे. त्या खोलीत ती कुणाची कुणी नव्हती. आणि गंमत अशी, की घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी तिला त्याच वेळात विचारल्या गेल्या. मुद्दाम नव्हे, नवऱ्याला सकाळी निर्णय सुचत. दाढी करताना सुचत. अर्धा गाल साबणात, तो दाराशी येऊन उभा राही. "अगं, मी आईला सांगून टाकतो, की हिची नोकरी चालू राहील. चालेल ना?" लग्नानंतरचीच ती कुठलीशी सकाळ. ती जपात होती, ओठ हलत होते, डोळे मिटलेले. तो थोडा थांबला. मग तिच्या वाटचं उत्तर त्यानंच दिलं. "बरं." आणि गेला.

आज प्रथमच तिला दिसलं, की तिचं 'बरं' तो स्वतः म्हणत आला होता. अगदी तिच्या सुरात, जरासं खालच्या पट्टीत. "भाड्याचं घर सोडून इकडे येऊ, चालेल ना? बरं." "मुलीला त्या शाळेत घालतो. बरं." आणि ती दुसरी सकाळ. हॉस्पिटलनं तिला वाफेच्या नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला काही महिने बाहेर पाठवायचं ठरवलं होतं. वर्षानुवर्षं कुणाला मिळत नाही अशी संधी. फोन सकाळी आला. दाराशी येऊन त्यानं विचारलं, "तुला नाहीच ना जायचं? मुलगी लहान आहे. मी नाही सांगतो. बरं." जपाची माळ तिच्या बोटांत थांबली होती. पण व्रत मोडायचं? देवाला अर्ध्यात सोडायचं, तेही स्वतःच्या हौसेसाठी? जप संपवून ती उठली तेव्हा फोन ठेवून झाला होता. "तू काही बोलली नाहीस, म्हटलं तुझंही तेच असणार," तो म्हणाला, चहात बिस्किट बुडवत. आणि ती खरोखरच काही बोलली नाही. एवढी शांत खोली झाडून आल्यावर लगेच भांडायचं कसं? तिच्या जागी दुसरी कुणी गेली. ती परतली तेव्हा तिनं नवं यंत्र कसं चालवायचं ते हिलाच येऊन विचारलं.

त्या रात्री तिला झोप लागली की नाही ते तिला सांगता आलं नसतं. एकच प्रश्न कूस बदलत राहिला. तळघरातल्या रेघेपाशी ती जे करते, तेही अलाउच ना? मोठ्या डॉक्टरांना हात दाखवून उभं करणारी ती कोण? पण नाही. तिथे ती आधी स्वतःच्या चपला काढते. तोफ काढते, मोठे डॉक्टर काढतात, दुरुस्तीला आलेला माणूसही काढतो. रेघ तिची नाही. रेघ वरच्या मजल्यावर झोपवलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या कुठल्यातरी उघड्या जखमेची आहे, आणि तिच्यापुढे सगळे सारखेच अनवाणी. नवरा कुठल्या रेघेपाशी कधी अनवाणी झाला? त्याला बाहेरगावी बदली मिळाली, तो गेला. त्याला कुणी अलाउ केलं? तिनं बॅग भरली. मोजे गुंडाळून कडेला खोचले. मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला, गेला. उशिरा आला, आला. त्याच्या जाण्यायेण्याला कधी क्रियापदच लागलं नाही. तो नुसता जायचा. आणि देव? ती रोज समोर बसते तो देव काही अलाउ करतो का? मावशीला तिनं लहानपणी विचारलं होतं, देव मला रागावेल का झाडावर चढले तर? मावशी हसली होती. "देवाला काय तेवढंच काम आहे? तू चढ. पडलीस तर तो खाली असतो." आणि ज्याला अडवायचा हक्क आहे, तो अडवत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं, कोमट.

सकाळी ती उठली, अंघोळ केली, दिवा लावला. वात नीट पेटेना, बोटाला तेल लागलं. ती बसली. माळ हातात घेतली. रिकाम्या खोलीत जायचा प्रयत्न केला, पण आज त्या खोलीत काल रात्रीचं सगळं सामान कुणीतरी आणून टाकलं होतं. शाळेची पाटी, वन्संच्या पर्सचा चाप, मुलीचा गोड आवाज, कोटाचं बटण. देवा, हे सगळं मला उचलू दे आधी, ती मनात म्हणाली, आणि लगेच थबकली. उचलू दे. इथेही. मग तिनं ते वाक्य मागे घेतलं आणि दुसरं केलं. देवा, मी हे उचलते. तू बघ.

दाराशी सपाता वाजल्या. साबणाचा वास आला. "अगं," तो म्हणाला. "आता फोन येईल त्यांचा. मी रात्री विचार केला. वर्ष नको. चार महिने म्हणून सांगतो, बाकीचं त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं. तुझी वन्सं येईल मधूनमधून स्वयंपाकाला, तिला विचारतो. चार महिने काही हरकत नाही माझी. चालेल ना?"

माळ सरकत होती. मणी, मणी. तो थांबला. तो नेहमी थांबायचा तेवढाच थांबला. त्या थांबण्याचं माप तिला पाठ होतं. आता येईल, तिला वाटलं, आता माझा शब्द त्याच्या तोंडून येईल.

"बरं," तो म्हणाला, खालच्या पट्टीत, तिच्या सुरात.

आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. सपाता तिकडे गेल्या, परत दाराशी आल्या. त्याला फोन घेऊन फिरत बोलायची सवय होती. "हो, हो, नमस्कार डॉक्टर. छे छे, जागाच आहे. हो, झालं बोलणं आमचं. मी म्हटलं तिला—"

ती वळली. बसल्या जागी, पाठ ताठ ठेवून, त्याच्याकडे पूर्ण वळली आणि तिनं उजवा हात वर केला. तळवा समोर, बोटं जुळलेली, तेलाचा डाग लागलेलं बोट दिव्याच्या उजेडात चमकणारं. तळघरात करायची अगदी तसा. त्यात धमकी नव्हती, विनवणी नव्हती. पुढे पाय टाकू नका, एवढंच.

त्याचा पाय उंबऱ्यावर होता. तो तिथेच राहिला. अर्ध्या गालावर साबण वाळत होता. "एक मिनिट हं डॉक्टर," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत, "काय झालं?" तिचा हात हलला नाही. इतक्या वर्षांत त्यानं ही खूण कधी पाहिली नव्हती. फक्त काल भाषणात ऐकली होती आणि तिच्यावर तो हसला होता. फोनमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. त्यानं एकदा हाताकडे बघितलं, एकदा तिच्या डोळ्यांकडे. "डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला असावा, कारण तो खाकरला. "ती जपाला बसली आहे. नाही... अजून बोलणं नाही झालं. ती करेल तुम्हाला. हो. ती स्वतः."

तिनं हात खाली घेतला आणि पुन्हा देवाकडे वळली. पाठीमागे तो जाईल असं तिला वाटलं, पण सपाता वाजल्या नाहीत. तो उभा होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. घाई करावी असं एक क्षण मनात आलं, जुन्या सवयीनं. बिचारा उभा आहे, गालावर साबण आहे. पण बोटांनी घाई केली नाही. मणी आपल्या चालीनं सरकत राहिले. हळूहळू खोली रिकामी होत गेली, झाडलेली, आणि आज पहिल्यांदाच तिच्या गप्प बसण्याला दाराशी कुणीतरी नुसतं गप्प बसणं म्हणून मोजत होतं. जप पुरा झाला. तिनं नमस्कार केला, माळ डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, उठली.

"मी वर्षभर जाणार आहे," ती म्हणाली. दिवसाचे माणसांसाठीचे पहिले शब्द, हळू, स्वच्छ.

"अगं मग जा ना! मी कुठे नको म्हणतोय?" तो घाईघाईनं म्हणाला. "मी तुला कधी अडवलंय का? मी तर तुला पहिल्यापासून—" आणि तो थांबला. शब्द ओठांवर आला होता, तिला दिसला. तिचा हात या वेळी बाजूला, खालीच होता.

"अहो," ती म्हणाली, "नोकरी पहिल्यापासून होती. तुम्ही नंतर आलात."

त्यानं गालावरचा वाळलेला साबण पुसला. ती बघत राहिली. तो नेहमी थांबायचा तेवढी थांबली, त्याहून थोडी जास्त थांबली. त्याच्या वाटचं 'बरं' ती म्हणाली नाही. मग तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, आपल्या तेलकट बोटानं शेवटचा नंबर दाबला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"नमस्कार डॉक्टर," ती म्हणाली. "मी बोलतेय. आधी मला सांगा, तिथल्या भिंती बांधून झाल्यात की व्हायच्यात?"